अक्काच्या गाडग्यातली दवा

अक्का, तुझं गाडगं माझ्याकडे आहे. वैशालीला वाटलं होतं ते उकिरड्यावर गेलं. तू गेल्यावर तुझ्या या सुनेनं आधी तुझी खाट उन्हात टाकली, मग गोधड्या धुवायला काढल्या, मग बकऱ्यांच्या खोपटात शिरून कोनाड्यातलं ते गाडगं बाहेर आणलं. मेलेला उंदीर धरावा तसं दोन बोटांत धरलं होतं. म्हणाली, "मावशी, हे फेकून देऊ ना?" मी म्हटलं, "आण इकडे, मीच टाकते." पदराखाली घेतलं आणि तडक घरचा रस्ता धरला. गल्लीत शेजारच्या कासाबाईनं पदराखाली काय नेतेय म्हणून हटकलंच, "काय लई चालनी व, बेबी?" मी म्हटलं, "काहीच नही." अगदी तुझ्या आवाजात म्हटलं गं. माझी मीच दचकले.

आपलं नातं लोकांना समजावताना माझी नेहमी दमछाक व्हायची. दोघी सख्ख्या बहिणी, एकाच घरात दोघा भावांना दिलेल्या. माहेरची तू माझी अक्का, सासरची मोठी जाऊ. गोडीत असलो की बहिणी, वाजलं की जावा. घराची वाटणी होऊन मध्ये भिंत आली, माझं दार मागच्या गल्लीला गेलं, तेव्हा बकऱ्यांचं खोपट तुझ्याकडे गेलं आणि त्या खोपटाकडे उघडणारी खिडकी माझ्याकडे आली. त्या खिडकीत उभी राहून मी तुझ्यावर किती पाळत ठेवली, तुला माहीत नसेल. छे, माहीत असेल. तुला सगळंच माहीत असायचं. फक्त तोंडातून काढायचं नव्हतं.

ते गाडगं आपल्या आईचं. नरडाण्याकडच्या आपल्या माहेरी ते असंच बकऱ्यांजवळच्या कोनाड्यात असायचं, तोंडाला फडकं, फडक्यावर सुतळी. आई गेली, तिच्या वस्तू वाटल्या, तेव्हा मला पितळी डबा मिळाला, तोही झाकण न बसणारा. तू म्हणालीस, "माले हाई गाडगं पुरे." सगळ्या बायका म्हणाल्या, बघा मोठीचं मन केवढं. मी मनात म्हटलं, मोठीला माहीत आहे त्यात काय आहे ते. आईच्या शेवटच्या दिवसांत तू तिच्या उशाशी होतीस, मी धुळ्याला. यांची नोकरी तिथे होती, लगेच निघता आलं नाही. तुझ्या कानात तिनं काय सांगितलं असेल, हा किडा तेव्हा डोक्यात शिरला तो शिरलाच.

आणि तू तर त्या किड्याला रोज खाऊ घालत होतीस! पोळा असो, आखाजी असो, कुणाकडे लग्न असो, घरात पाहुणे जेवून उठले की तू खोपटातल्या कोनाड्यातून गाडगं काढणार. दाराकडे पाठ करून करडांजवळ बसणार, पदर पुढे ओढून घेणार, ओठांत काहीतरी पुटपुटणार. एकेका करडाची मान कुरवाळणार. मग हात पदराला पुसत बाहेर येणार आणि गल्लीला ऐकू जाईल असं सांगणार, "दवा पाजेल शे. आज कोनी काही टाकानं नही. नही तं दवा उलटी पडी." झालं. मग दिवसभर त्या करडांपुढे फक्त तुरीचं भुसकट, बोरीचा वाळला पाला आणि स्वच्छ पाणी. कुणाची टाप नव्हती भाकरीचा कुटका टाकायची. दवा उलटली तर पाप कुणाच्या माथी?

आणि तुझी करडं फुगायची नाहीत. हेच तर मला सहन व्हायचं नाही. गावात सणाच्या दुसऱ्या दिवशी कुणाच्या ना कुणाच्या दारात एखादं करडू डाव्या कुशीला टम्म फुगून, दात खात पडलेलं असायचं. तुझी मात्र सगळी निवांत बसून रवंथ करताहेत. मी म्हणायचे, हे साधं नाही.

मी काय काय तर्क केले, सांगू आता? आधी वाटलं, डोंगरातली एखादी मुळी असेल. शिरपूरच्या बाजारात डिंक विकायला बसणाऱ्या डोंगरातल्या पावरा बाईशी तू बराच वेळ बोलत बसायचीस, म्हणून तिला गाठून विचारलं. ती नुसती हसली. म्हणजे नक्कीच तिनंच दिली असणार, असं मी धरून चालले. मग वाटलं, हिंगाचं पाणी असेल. तू बाजारला गेल्यावर खोपटात शिरून एका करडाचं तोंड हुंगून पाहिलं. दुधाचा वास, दुसरा कसलाही नाही. त्यावर मला आणखीच संशय आला. वास येऊ नये अशी दवा म्हणजे केवढी जालीम असेल!

एकदा सरळच विचारलं. "अक्का, यामा काय शे?" तू भुसकट चाळत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "तुले काय करनं शे?" मी म्हटलं, मी काय परकी आहे? तर म्हणालीस, "तुले सांगं तं दवानं पानी व्हई जाई." मला इतकं लागलं ते! आठवडाभर तुझ्याकडे विरजणसुद्धा मागितलं नाही. दुकानातून दही आणलं, आंबट निघालं, तेच खाल्लं.

बरं, संशय काय मीच घ्यायचे? तू काय कमी होतीस? सकाळी उठल्यावर देवाच्या आधी तू करडांच्या लेंड्या बघायचीस. काडी घेऊन उकिडवी बसायचीस. हरभऱ्यासारख्या सुट्या, कोरड्या लेंड्या पडल्या असल्या की तुझा दिवस चांगला. एकमेकींना चिकटून लगदा पडला असला की घरादाराची उलटतपासणी. "यामा गहू दिसस. कोनी टाका?" आणि डोळे कुठे? माझ्या खिडकीवर. मी समोर आले की म्हणणार, "बेबी, तुना हात दखाड." साठी जवळ आलेली बाई मी, आणि शाळेतल्या पोरीसारखे हात पुढे करून उभी! असेल एखाद्या बोटाला पोळीचं पीठ. म्हणून काय मी विष घातलं? ते टिकल्या करडू खिडकीखाली येऊन पुढचे पाय भिंतीला लावून उभं राहतं, कपाळावरचा पांढरा ठिपका वर करून बघतं, तेव्हा कुणाचं मन घट्ट राहील? तुझं राहायचं. तू म्हणायचीस, बकरीचं पोट म्हणजे पाल्यासाठी बनलेली चूल, त्यात पीठ कोंबलं की विझते. आणि आपण भांडायचो. ते भांडण संपलंच नाही अक्का, तू मध्येच उठून गेलीस.

तरी एक तुझं मी नेहमी मानलं. आपल्या सासूबाईंचा नियम होता, बकरीची वार पडल्याशिवाय करडाला चीक पाजायचा नाही. नव्या सुनांची त्यावर बोलायची प्राज्ञा नव्हती. टिकल्याची आई काळी, तिची कुणी खापरपणजी व्याली तेव्हा वार अडकली होती. ते ओलं करडू थरथरत उठायचं, पडायचं, तोंड आईच्या पोटाकडे न्यायचं आणि सासूबाई त्याला बाजूला करायच्या. तू कुणाला न विचारता त्याला उचललंस आणि सडाला लावलंस. सासूबाईंचा जीव वर गेला. "व माय, मरी जाई ते!" तू म्हणालीस, "भुक्यानं मरानापेक्षा पी सन मरू द्या." ते मेलं नाही. आजची सगळी बकऱ्यांची ओळ त्याच करडाची. त्या दिवशी मला तुझा एवढा अभिमान वाटला होता की रात्री यांना किती वेळ तेच सांगत बसले. तुला मात्र कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, काय पाहिजे तुला?

शिरपूरच्या दवाखान्यात तुला ठेवलं होतं तेव्हा मी दुपारच्या गाडीनं आले होते. तुझे दात काढून वाटीत ठेवलेले. तू माझी विचारपूस नाही केलीस, यांची नाही केलीस. पहिला प्रश्न, टिकल्यानं आणि भुरीनं रवंथ केला का. दुसरा, दव उतरायच्या आत कुणी चरायला सोडतं का. मी म्हटलं, सगळं नीट आहे. मग तू माझा हात ओढलास आणि म्हणालीस, "बकऱ्या तू दखजो." मला वाटलं, आली वेळ. मी जवळ वाकून विचारलं, "मग गाडग्यात काय आहे ते सांग." तू हसलीस अक्का. बिनदातांचं, लबाड हसू. म्हणालीस, "तुले समजी जाई."

माझं डोकंच फिरलं. माणूस जायला टेकलंय आणि लपवाछपवी संपत नाही! मी पिशवी उचलली, गाडीची वेळ झाली म्हटलं आणि निघून आले. वेळ झाली नव्हती. स्टँडवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी वैशालीचा फोन आला.

म्हणून ते गाडगं मी उघडत नव्हते. तांदळाच्या डब्यामागे ठेवलं, येता जाता त्याच्याकडे बघितलं आणि सुतक फिटून गंधमुक्ती होऊ दे म्हणत राहिले. खरं कारण वेगळं होतं. आत मुळी निघाली असती, चूर्ण निघालं असतं, तर मला कळलं असतं की आईनं तुला दिलं आणि मला नाही दिलं. आणि तूही मला दिलं नाहीस. तेवढं बघायची छाती होत नव्हती.

गंधमुक्तीला वरण-बट्टी केली होती, वांग्याची भाजी, शिरा. तुझ्या आवडीचं सगळं. माणसं खूप आली, तुला बरं वाटलं असतं आणि तू प्रत्येकीच्या ताटाकडे बघून कोण किती टाकतं ते हेरलं असतंस. जेवणं झाली तशा बायका बट्ट्यांचे तुकडे घेऊन खोपटाकडे वळल्या. अक्काच्या बकऱ्या आहेत, अक्काच्या नावानं दोन घास त्यांनाही. सगळ्यांचे डोळे भरलेले, सगळ्यांचे हात पुढे. कोण कोणाला नाही म्हणणार? मी तर त्या दिवशी कुणाला काही म्हणायच्या अवस्थेतच नव्हते.

सकाळी वैशाली धावत आली. "मावशी, टिकल्या उठत नाही." जाऊन बघते तर डावी कूस ढोलासारखी ताणलेली, मान लांब केलेली, दात करकरा खातंय. भुरी कोपऱ्यात तोंड पाडून उभी. काळी आपल्या पिल्लाला हुंगून हुंगून ओरडते आहे. वैशालीनं मोबाईलवरून जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि मी घराकडे पळाले. पळवेना, तरी पळाले. गाडगं आणलं. अक्का, माझी शपथ, त्या वेळी माझ्या मनात हेवादावा काही नव्हता. असेल आईचं, असेल तुझं, एवढ्या पोरापुरतं दे, एवढंच म्हणत होते.

सुतळीची गाठ काही केल्या सुटेना. मेणासारखी दाबून बसलेली, कळकटलेली. विळ्यानं कापली. फडकं काढलं. आत कोळ्याचं जाळं होतं. दुसरं काही नाही. मी बोट फिरवलं, उपडं केलं, बुडाशी नाक घातलं. कोरडं ठक्क. त्यात कधी पाण्याचा थेंबसुद्धा पडला नसेल.

तू समोर असतीस ना, तर तेच गाडगं तुझ्या डोक्यात घातलं असतं.

बाहेरून वैशाली ओरडली, डॉक्टर पलीकडच्या गावात अडकलेत, येईपर्यंत गोडेतेलात थोडा खायचा सोडा घालून पाजा म्हणताहेत, बसू देऊ नका, चालवा. तेल आणलं. तिनं टिकल्याची मान वर ओढली तशी मी खेकसले, "सरळ धर, श्वासात जाईल." हे तुझं. ओठाच्या कडेनं, जरा जरा, गिळायला वेळ देत. हेही तुझं. मग त्याला पायांवर उभं केलं आणि कूस चोळत बसले. चोळते आहे, रडते आहे, तुला शिव्या देते आहे. आणि चोळता चोळता हात एकदम थांबला.

दवा पाजेल शे, आज कोनी काही टाकानं नही. हे तू गल्लीला सांगायचीस असं मला वाटायचं. गल्लीकडे तर तुझी पाठ असायची गं! तोंड असायचं माझ्या खिडकीकडे.

म्हणजे ती दवा करडांना नव्हतीच. मला होती. मला, कासाबाईला, प्रेमानं ओंजळ भरून येणाऱ्या सगळ्या गावाला. नुसतं 'घालू नका' म्हटलं असतंस तर कुणी ऐकलं असतं? आम्ही म्हटलं असतं, कंजूस आहे, मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढते. पण दवा म्हटल्यावर पथ्य आलं, आणि पथ्य मोडायला माणूस घाबरतो. सणाच्या दिवशी त्यांचं पोट हलकं ठेवायचं, एवढीच तुझी मुळी. आणि लहानपणी आईही हेच म्हणायची, तेव्हा दारात भाकरीचा कुटका लपवून कोण उभं असायचं? तू आणि मी. दोघींना फसवलं तिनं. तुला कधी कळलं? गाडगं तुझ्या हाती आल्यावर उघडलं असशील, रिकामं बघितलं असशील, पुन्हा बांधलं असशील. आणि माझ्याशी एक अक्षर बोलली नाहीस.

चांगलीच लबाड निघालीस. मी तुझ्यावर संशय घेत राहिले आणि तुला तर माझी पक्की खात्री होती! रागच येतो अजून. पण एक बरं झालं अक्का. इतकी वर्षं मला वाटायचं, आईनं तुला काहीतरी दिलं आणि मला तेवढं द्यायचं राहिलं. तिनं तुलाही काहीच दिलं नव्हतं गं. आणि ते काहीच नाही, तू केवढं सांभाळलंस. सांगं तं पानी व्हई जाई म्हणालीस, ते खोटं नव्हतं. मी दवाखान्यातून तशी उठून यायला नको होतं. बसायला हवं होतं जरा वेळ. तुझे दात धुऊन ठेवायला हवे होते.

ऊन चढल्यावर टिकल्यानं मोठी ढेकर दिली. असला घाण वास आणि आम्ही दोघी हसतोय. कूस सैल पडली. डॉक्टर आले तेव्हा ते उभं राहून माझा पदर चघळत होतं. त्यांनी पोटाला हात लावून पाहिलं, एक औषध लिहून दिलं, म्हणाले आज कोरडा चाराच द्या.

आणि संध्याकाळी कासाबाई आली. हातात परात, परातीत उरलेल्या बट्ट्या. "बेबी, इतल्या बट्ट्या वाया जातीन व. बकरीसले टाकू का? अक्काना जीव होता त्यासनावर." डोळ्यांत पाणी होतं बिचारीच्या. खरं पाणी. मी तिला काय सांगणार होते? सकाळी पोर मरायला टेकलं होतं, ते तिच्या माझ्या मायेनंच? तिनं मान डोलावली असती आणि माझी पाठ वळताच एखादा तुकडा टाकलाच असता. मी ओळखते ना. मीही टाकला असता.

मी गाडगं घेतलं. फडकं पुन्हा लावलं, नवी सुतळी बांधली, अशी की कुणाच्या बापाला सुटू नये. खोपटात जाऊन दाराकडे पाठ केली, करडांजवळ बसले, पदर पुढे ओढला. तू काय पुटपुटायचीस ते मला कधीच ऐकू आलं नाही. मी टिकल्याच्या कानात म्हटलं, "काही नाही रे बाबा, यात काही नाही." भुरीलाही तेच सांगितलं. मग हात पदराला पुसत बाहेर आले आणि माझ्याच रिकाम्या खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "दवा पाजेल शे. आज कोनी काही टाकानं नही."

आवाज जरा फुटला. पण कासाबाईनं परात झाकून घेतली.

वैशाली दारात उभी होती. गाडग्याकडे बघत म्हणाली, "मावशी, हे तर तुम्ही फेकलं होतं ना?" मी सुतळीची गाठ चाचपली. ती जवळ आली, आवाज खाली केला. "सांगा ना, काय असतं यात?" मी गाडगं पदराखाली घेतलं आणि म्हटलं, "तुला काय करायचंय?"

तिचा चेहरा पडला. मला तो चेहरा ओळखीचा वाटला. जाताना ती वळून वळून बघत होती, आणि तेव्हापासून मी खोपटात गेले की तिच्या स्वयंपाकघराची खिडकी हळूच उघडते. उघडू दे. तिच्या बोटांना पीठ असतं, मी बघितलंय.